वीस घंट्या

पौडच्या बाजारपेठेत तुम्ही ताजुद्दीन तांबोळींचं घर विचारलंत, तर समोरचा डोकं खाजवत उभा राहील. ताजू लाइनमनचं घर म्हणालात, की तोच माणूस हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत सोडून येईल. वाटेत त्याच्या घरी फोन कुठल्या साली आला, वायर कोणत्या झाडावरून ओढली आणि त्या दिवशी ताजूभाई किती कप चहा प्याले, तेही सांगेल. टेलिफोन खात्यातून ताजूभाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, त्याला पाच वर्षं होत आली. खांब गेले, तारा गेल्या, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

एकतीस वर्षं त्यांनी मुळशी खोऱ्यात तारा ओढल्या. त्या वेळी फोन म्हणजे घरातलं एक माणूसच होतं. तो कुठे बसवायचा हे घरचा कर्ता ठरवायचा आणि हमखास चुकीचं ठरवायचा. कुणी देव्हाऱ्याशेजारी, कुणी धान्याच्या कणगीवर, एकाने तर कुलूप लावता यावं म्हणून कपाटात बसवून घेतला होता. घंटी वाजली की त्याची बायको आधी किल्ली शोधायची. ताजूभाई सांगून पाहायचे, कुणी ऐकायचं नाही, मग ते मुकाट्याने खिळे ठोकायचे आणि घरी जाऊन जोहराबीला सगळं रंगवून सांगायचे. जोहराबी म्हणजे त्यांची बायको. खोऱ्यातल्या निम्म्या घरांची आतली बाजू तिला नवऱ्याच्या तोंडून पाठ झाली होती.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. प्रत्येक फोनला एक पान. त्यात खांब कोणता, फोन कोणत्या खोलीत, कुत्रं चावरं आहे की नुसतं भुंकणारं, आणि सगळ्यात शेवटी एक आकडा: किती घंट्यांनी उचलतात. हा आकडा फार कामाचा. एक्स्चेंजमधून लाइन तपासताना नंबर फिरवायचा आणि घंट्या मोजायच्या. पाटलांकडे चार, मास्तरांकडे सहा. तेवढ्या होऊनही कुणी उचललं नाही, की लाइन गेली समजायचं आणि सायकल काढायची. हा आकडा ठाऊक नसलेला लाइनमन दिवसाला दोन खेपा फुकट मारायचा. ताजूभाईंची एकही खेप फुकट गेली नाही, असं ते स्वतःच सांगतात. आपण मान डोलवावी.

वहीत सगळ्यात मोठा आकडा दादासाहेब ढमाल्यांच्या पानावर होता. बारा घंट्या. दादासाहेबांचं घर मालेच्या पुढे, धरणाच्या पाण्यालगतच्या एका वाडीत. चाळीस उंबऱ्यांत तो एकच फोन होता. पुण्याला कामाला गेलेली पोरं, सासरी गेलेल्या लेकी, सगळ्यांचे निरोप त्या फोनवर यायचे. दादासाहेब मागच्या गोठ्यात असले की तिथून घरामागचं परसू, परसूतून माजघर, माजघरातून ओटी असा पल्ला मारून फोनपर्यंत यायचे. करणाऱ्यालाही ते माहीत असायचं. तो घंटी वाजू द्यायचा. मग दादासाहेब अंगणात उभे राहून ज्याचा फोन त्याला हाक घालायचे आणि त्यांचा आवाज पाण्यापलीकडे जायचा. कुणाला नातू झाला, कुणाचं कोण गेलं, हे त्या ओटीवर आधी कळायचं आणि मग त्या घरात. दादासाहेबांना त्या कामाचा केवढा अभिमान! ताजूभाई लाइन बघायला गेले की जेवल्याशिवाय सुटका नसे. दादासाहेबांच्या बायकोच्या हातची नाचणीची भाकरी आणि धरणातल्या माशाचं कालवण त्यांनी इतक्या वेळा खाल्लं, की जोहराबी तेव्हा त्या वाडीला त्यांची दुसरी सासुरवाडी म्हणायची.

ते दिवस गेले. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, एक्स्चेंजला कुलूप लागलं, रस्ता रुंद करताना तांब्याची उरलीसुरली केबलही मातीबरोबर निघाली. निवृत्तीनंतर ताजूभाई वर्षभर घरी बसले, म्हणजे घरातल्या प्रत्येक चालू वस्तूला दुरुस्त करत सुटले. चांगला चाललेला मिक्सर त्यांनी उघडून ठेवला, त्या दिवशी जोहराबीने हात जोडले आणि बाहेर काहीतरी काम बघा म्हणून सांगितलं.

काम चालत आलं. भुकूमला औषधाच्या दुकानावर ऋषिकेश नावाच्या बार्शीकडच्या एका इंजिनिअरने छोटं ऑफिस थाटलं होतं. खोऱ्यातल्या डोंगरांमुळे मोबाइलला रेंज नाही अशा वाड्या, फार्महाउसं, हॉटेलं यांना तो इंटरनेट द्यायचा आणि त्यावरूनच फोनही. वाटा ठाऊक असलेला माणूस हवा म्हणून त्याने ताजूभाईंना ठेवून घेतलं. केबल टाकायची, डबी बसवायची, घरी यायचं, एवढंच ठरलं होतं.

ती डबी ताजूभाईंना आधी मुळीच आवडली नाही. मुठीएवढी, काळी, वजनाला हलकी. एका बाजूने इंटरनेटची वायर, दुसऱ्या बाजूला आपला जुना फोन. पण नवी डबी कोरी असते, तिला काहीच ठाऊक नसतं. तिच्या पोटावर एक लांबलचक नंबर छापलेला असतो आणि त्याच नंबरच्या नावाची एक फाइल ऑफिसच्या संगणकात लिहून ठेवावी लागते. डबीला वीज मिळाली की ती पहिल्यांदा आपली फाइल मागते. फाइल मिळाली, वाचली, की ती त्या घरचा फोन होते. आपला नंबर काय, किती आकडे दाबले की फोन लावायचा, आवाज किती मोठा, सगळं त्या फाइलीत. ओळीत एक खूण चुकली तर डबी मुकी.

ऋषिकेश या फाइली कशा लिहितो ते ताजूभाई मागे उभे राहून बघायचे. एक दिवस ते म्हणाले, हे तर माझ्या वहीचं पान झालं. घरागणिक एक. मग काय, अठ्ठावन्नाव्या वर्षी ते दोन बोटांनी टाइप करायला शिकले. चार महिने चुका केल्या, पाचव्या महिन्यापासून ऋषिकेशने फाइलींचं काम त्यांच्यावरच सोडलं.

त्यात त्यांना एक गंमत सापडली. ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखी एक खूण टाकली, की ती ओळ डबी वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. ताजूभाईंना तेवढंच हवं होतं. त्यांच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर मराठीत पाच-सहा ओळी असायच्या. ‘चिंचेपासून तिसरं घर. फोन खिडकीत. कुत्रं म्हातारं, भिऊ नये.’ ऋषिकेश हसायचा. “काका, ही फाइल आहे का पत्र?” तो विचारायचा. ताजूभाई म्हणायचे, उद्या मी नसलो तर तुझ्या माणसाला घर सापडायला नको का? जोहराबीचं म्हणणं वेगळं होतं. हा माणूस डब्यांना जेवढं सांगतो त्याच्या निम्मंही घरात बोलत नाही, अशी तिची तक्रार होती.

गेल्या दिवाळीच्या आधी दादासाहेबांच्या वाडीपर्यंत केबल पोचली. दादासाहेब त्र्याऐंशीचे झाले होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली. मुलगी सुलक्षणा आयटीत, म्हाळुंग्याला चौदाव्या मजल्यावर राहणारी. बापलेकीचं बोलणं व्हायचं ते कुणी रेंजच्या टेकडीवर मोबाइल घेऊन गेलं तर. जुन्या लाल फोनला पुन्हा जीव येणार म्हटल्यावर दादासाहेबांनी तो खोबरेल लावून पुसून ठेवला होता.

त्या घरची फाइल ताजूभाईंनी दोन दिवस लिहिली. डबीच्या पुस्तिकेत त्यांना एक जागा सापडली होती, घंटी किती वाजू द्यायची याची. ऑफिसात तिला कुणी हात लावत नसे. तिथे आधीपासून साठ हा आकडा होता. साठ घंट्या! ताजूभाईंना हसू आलं. चुकून लागलेला फोनही साठ वेळा वाजणार आणि म्हातारा माणूस बिचारा उगाच धडपडत येणार. त्यांनी जुनी वही काढली. दादासाहेबांच्या पानावर बारा होते. वय झालं म्हणून त्यांनी आपल्या मनाने आठ वाढवले. फाइलीच्या माथ्यावर लिहिलं: ‘फोन ओटीवर, दादा मागं गोठ्यात असतात. गुडघे दुखतात. वीस घंट्या वाजू द्याव्यात.’ आणि खाली साठ खोडून वीस घातले. अशाच आणखी चार म्हाताऱ्यांच्या फाइलींतही त्यांनी तो आकडा घातला. तरण्याताठ्यांचं साठच राहू दिलं. डबी बसवली, ओटीवर उभं राहून स्वतः फोन लावून बघितला, खणखणीत वाजला. दादासाहेबांचे डोळे भरून आले. ताजूभाईंना वाटलं, एकतीस वर्षांत इतकं मापाचं काम आपल्या हातून झालं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी सुलक्षणाचा ऑफिसला फोन आला. वाडीचं कनेक्शन बंद करा, डबी काढून न्या, बाबांना मी रविवारी म्हाळुंग्याला आणतेय. ताजूभाईंनी कारण विचारलं. बाबा कित्येकदा फोन उचलतच नाहीत, ती म्हणाली. उत्तर मिळत नाही, एवढंच ऐकू येतं. दोनदा घाबरून मीटिंग सोडून गाडी काढली. एकदा बाबा गवत कापत होते, एकदा अंघोळीला गेले होते. आता महिनाभर जाते तेव्हा बघतेय, दिवसभर फोनशेजारी खुर्चीत बसून असतात. कुठे जात नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. गाय विकून टाकली. माणूस असा बसला की काय समजायचं, काका?

ताजूभाई दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत लॅपटॉप टाकून निघाले. वाटभर त्यांना बरं वाटत नव्हतं. आपण लावलेली लाइन आपणच काढायची, असं आयुष्यात बऱ्याचदा झालं होतं, पण त्या घराची लाइन काढताना हात कसा चालेल ते कळत नव्हतं.

ओटीवर दोन बोचकी बांधलेली होती. दादासाहेब खुर्चीत नव्हते, मागे परसूत तोंड धूत होते. ताजूभाईंनी तिथे जाऊन रामराम केला. दादासाहेब हसले, पण जुनं हसणं नव्हे. चहा ठेवतो म्हणाले आणि तेवढ्यात पुढे फोन वाजला.

दादासाहेबांनी टॉवेल टाकला आणि निघाले. भिंतीला हात लावत, एक गुडघा ओढत, खरं म्हणजे पळतच. ताजूभाई मागे उभे राहिले आणि जुन्या सवयीने त्यांच्या मनात मोजणी सुरू झाली. एक. दोन. तीन. दादासाहेब माजघराच्या उंबऱ्यावर पोचले तेव्हा सात झाल्या होत्या आणि घंटी थांबली. दादासाहेबही थांबले. चौकटीला धरून उभे राहिले, मग मान खाली घालून परत फिरले.

“हे असं हाय बघ,” ते म्हणाले. “ऐकू समदं येतंया. पाय पोचत न्हाईत. पोरीला तरी किती येळ थांब म्हनू? तिला कामं हायेत.”

सात? सुलक्षणा सातव्या घंटीला फोन ठेवणारी पोर नव्हती. आणि आपण तर वीस लिहिल्या होत्या. ते ओटीवर गेले, लॅपटॉप उघडला, डबीला वायर जोडली, फाइल काढली. वर त्यांचीच मराठी ओळ होती, खाली त्यांचाच वीस आकडा. शेवटी पिशवीतून ती इंग्रजी पुस्तिका काढून चष्मा पुसून त्यांनी ते पान नीट वाचलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं. आकडा सेकंदांत द्यावा.

एका घंटीला तीन सेकंद लागतात, हे ताजूभाईंइतकं कुणाला ठाऊक असणार! साठ म्हणजे साठ सेकंद होते, पुऱ्या वीस घंट्या. डबी मुळातच त्यांना हव्या तेवढ्या घंट्या देत होती. त्यांनी मायेने हात घातला आणि सातवर आणून ठेवल्या. बाकीच्या चार घरांत सुना होत्या, तिसऱ्या घंटीला उचलणाऱ्या, म्हणून बभ्रा झाला नाही. इथे एकटा माणूस होता. गोठ्यात असलं की फोन हुकतो म्हणून त्याने गोठ्यात जाणं सोडलं, गाय विकली, खुर्चीत बसला. तो खुर्चीत बसलेला दिसला म्हणून लेकीला वाटलं, बाप संपत चालला.

आकडा बदलणं एका मिनिटाचं काम होतं. त्यांनी वीस खोडून दीडशे घातले, म्हणजे पन्नास घंट्या. त्या चार फाइलीही तिथेच दुरुस्त केल्या. डबी बंद करून चालू केली, तिने नवी फाइल घेतली. दादासाहेब आत चहाला आधण ठेवत होते. लाइनमध्ये फॉल्ट होता, काढला, एवढं म्हणून निघता आलं असतं. खात्यात असताना दहा वेळा तसं म्हटलं होतं, लाइन कधी तोंड उघडून खोटं पाडत नाही. पुस्तिका मिटून ताजूभाई तसेच बसून राहिले. आपल्याला रडू येतंय हे त्यांना कळत होतं आणि वयाची लाजही वाटत होती.

चहा घेऊन दादासाहेब आले तेव्हा ते उठून उभे राहिले. “दादा, चूक माजी हाय,” ते म्हणाले. “डबीची न्हाई, तुमची तर न्हाईच न्हाई. म्या घंट्यांचा आकडा घातला, तिनं सेकंदांचा धरला. वीस देतू म्हनून म्या तुमाला सातच दिल्या.”

दादासाहेबांना ते उमगायला वेळ लागला. कपबशी त्यांनी खाली ठेवली.

“म्हंजी सुलू फोन ठेवत नव्हती?”

“न्हाई दादा.”

“आन् मी पोचत व्हतो?”

“निम्म्यात घंटी तोडत व्हती ती डबी. कोन पोचंल?”

दादासाहेब ओटीच्या कडेला बसले. ताजूभाईंना वाटलं आता शिवी येईल, आणि ती यावी असंच त्यांना वाटत होतं. दादासाहेब बोलले ते अगदी हळू. “गाय काय आता परत येत न्हाई, ताजू. लई गुणाची व्हती. पन मला वाटलं व्हतं, मीच ग्येलो.”

ताजूभाईंनी लाल फोनवरून सुलक्षणाचा नंबर फिरवला आणि तिलाही सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. ती रागावली. तीन महिने मी रस्त्यात गाडी चालवताना काय काय डोळ्यांपुढे आणलंय तुम्हाला कल्पना आहे का, असं तिने विचारलं. ताजूभाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाबांची खोली लावून झालीय, ती म्हणाली, आता मी काय ठरवू? ताजूभाई म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पाच मिनिटांनी स्वतः फोन करून बघ आणि मग ठरव.

दादासाहेब ते ऐकत होते. ते उठले, चपला घातल्या आणि माजघरातून, परसूतून मागे गेले. ताजूभाईंनी वाकून पाहिलं तर थेट रिकाम्या गोठ्यात जाऊन, गव्हाणीवर हात ठेवून उभे. त्या घरातली सगळ्यात लांबची जागा ती.

फोन वाजला. दादासाहेब निघाले, पण या खेपेला धावले नाहीत. पहिल्यांदा गोठ्याची कडी लावली. परसूत मघाशी टाकलेला टॉवेल उचलून दोरीवर घातला. ताजूभाई ओटीवर फोनपासून दोन हात लांब, हात मागे बांधून उभे होते. सात झाल्या, बारा झाल्या. पंधराव्याला दादासाहेब माजघरात आले, तिथे गुडघा दाबत क्षणभर टेकले, पुन्हा उठले. घंटी वाजतच होती. वीस गेल्या तेव्हा ते उंबरा ओलांडत होते. तेविसाव्या घंटीला त्यांनी फोन उचलला.

“व्हय, मीच बोलतोया,” ते म्हणाले. “मी हितंच हाय, सुलू.”

पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं, ओटीवर उभ्या ताजूभाईंनासुद्धा. दादासाहेबांनी ते पुरतं होऊ दिलं. मग त्यांनी बांधलेल्या बोचक्यांवर पाय ठेवून खुर्चीत नीट टेकून घेतलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“रडू नगंस,” ते म्हणाले. “रविवारी ये तू. न्यायला नगं, जेवायला ये.”